चौथीचा वर्ग दाखवा

फ्रेंचच कशासाठी, असं ताई आधी विचारेल अशी माझी अटकळ होती. तिने विचारलं, "त्या इमारतीला भाडं किती पडतं?"

अनुजा शाळेचा खुला दिवस बघून नुकतीच परतली होती. हातात गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर आयफेल टॉवर आणि हसरी मुलं. भाड्याचा उल्लेख अर्थातच नव्हता.

आमची रेवा यंदा किंडरगार्टनला जाणार. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात आम्ही राहतो त्या शहरात एक छोटीशी फ्रेंच इमर्शन चार्टर शाळा आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळा एवढी लहान की शहर सांगितलं म्हणजे शाळा सांगितल्यासारखंच. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्थानिक डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, हुकमाखाली नसलेली शाळा. तिचं स्वतःचं संचालक मंडळ असतं आणि राज्याने मान्य केलेली एखादी संस्था तिच्याशी काही वर्षांचा करार करते. तो करार म्हणजेच चार्टर. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. आरटीईच्या सोडतीसाठी मोबाइल हातात धरून बसलेल्या पुण्या-नाशिकच्या आईबापांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

इमर्शन म्हणजे किंडरगार्टनच्या पहिल्या दिवसापासून गोष्ट, गणित, रांग, ओरडा, सगळं फ्रेंचमध्ये. या शाळेत इंग्रजी वाचन दुसरीत सुरू होतं आणि पाचवीपर्यंत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या होतात.

ताई माझी मोठी बहीण. पुण्यात मराठी शाळेत शिकवलं, लग्नानंतर इकडे आल्यावर पुन्हा शिकून परवाना काढला आणि गेली कित्येक वर्षं डिस्ट्रिक्टच्या शाळेत चौथीला शिकवते. अनुजा, माझी बायको, डेटाबेसचं काम करते आणि कुठल्याही निर्णयाआधी वाचून वाचून डोळे लाल करून घेते. बायको आणि बहीण वाद घालत असताना मध्ये बसलेल्याने नोंदी घ्याव्यात, मतं देऊ नयेत, एवढी अक्कल मला आहे. तरी एक-दोनदा तोंड घातलंच.

अनुजा: भाड्याचं काय घेऊन बसलात, ताई? मी वर्ग बघून आले. सप्टेंबरात ज्यांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, ती पोरं आता जानेवारीत बाईंना फ्रेंचमधून विचारतायत, पाणी पिऊन येऊ का. बाई आयव्हरी कोस्टच्या. अख्ख्या तासात इंग्रजीचा एक शब्द नाही. चित्रं, हातवारे, गाणी. आणि एकही मूल भेदरलेलं नव्हतं.

ताई: बालवर्ग कुठल्याही शाळेत बघ, छानच दिसतो. म्हणून तर पाहुण्यांना तो दाखवतात. चौथीचा वर्ग दाखवला?

अनुजा: तिथे चाचणी चालू होती म्हणे.

ताई: चौथीत मुलं किती?

अनुजा: सोळा-सतरा असतील. पण ती बॅच सुरू झाली तेव्हा एकच तुकडी होती. आता बालवर्गाच्या दोन आहेत. शाळा वाढतेय.

ताई: तुकडी केवढी?

अनुजा: बावीसची.

ताई: म्हणजे पाच-सहा गळाली. माझ्या शाळेत तिसरीतून पाच मुलं गेली तर दुसरी पाच येतात. कुणाची बदली होते, कुणी घर घेतं. तुमच्या त्या शाळेत तिसरीत नवीन मूल घेणार कसं? त्याला फ्रेंच येत नाही. गळती झाली की जागा रिकामी राहते, पाचवीपर्यंत रिकामीच. आणि सरकार पैसे देतं ते डोक्यामागे. वर्गात बावीस असोत की सोळा, बाईंचा पगार तोच आणि भाडंही तेच. डिस्ट्रिक्टला इमारत बांधायला मालमत्ता कराच्या जोरावर कर्जरोखे काढता येतात. चार्टरला बहुतेक ठिकाणी ती सोय नसते. काही राज्यं भाड्याला थोडी मदत देतात, बाकी भाडं शिकवण्याच्या पैशातूनच जातं. म्हणून विचारलं.

अनुजा गप्प झाली, पण फार वेळ नाही.

अनुजा: राग मानू नका, ताई. पण तुम्ही डिस्ट्रिक्टच्या. चार्टरचं नाव काढलं की तुमच्या संघटनेच्या कपाळाला आठ्या पडतात.

ताई: पडतात. आणि गंमत सांगू? ही कल्पना देशभर पोहोचवली ती आमच्याच माणसाने. अल्बर्ट शँकर, शिक्षक संघटनेचा अध्यक्ष. त्याने १९८८ साली वॉशिंग्टनमध्ये भाषण केलं: शिक्षकांनाच छोट्या छोट्या प्रयोगशाळा चालवू द्या. मग मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉलला पहिली शाळा निघाली. पुढे त्याचं जे झालं ते पाहून शँकरच त्याच्या विरोधात गेला. तेव्हा मला कल्पनेचं वावडं नाही. मी फक्त विचारते, प्रयोग माझ्या भाचीवर का?

अनुजा: प्रयोग साठ वर्षांपूर्वी झाला. मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर आहे. तिथले इंग्रजी बोलणारे आईबाप म्हणाले, आमची मुलं बारा वर्षं शाळेत फ्रेंच शिकतात आणि दुकानात गेल्यावर पाव मागता येत नाही. शिक्षण मंडळ दाद देईना. ते मॅकगिल विद्यापीठात गेले. वॉलेस लॅम्बर्ट होते मानसशास्त्राचे, मेंदूचे मोठे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड होते. त्यांनी पाठ थोपटली. १९६५ च्या सप्टेंबरात पहिला वर्ग भरला. लॅम्बर्ट आणि टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, १९७२ मध्ये पुस्तक आलं. मुलं सुरुवातीला इंग्रजी वाचनात मागे दिसली. दुसरीत इंग्रजी शिकवायला लागल्यावर थोड्याच काळात बरोबरीला आली. गणितात कमी पडली नाहीत. आणि फ्रेंच पदरात पडलं.

ताई: मॉन्ट्रियलमध्ये शाळेच्या खिडकीबाहेर फ्रेंच आहे. नोकरी फ्रेंच, बस फ्रेंच, शेजारी फ्रेंच. आपल्या खिडकीबाहेर गाड्या धुवायचं दुकान आहे. शिवाय तिथले आईबाप म्हणजे हट्टाने विद्यापीठ गाठणारे. अशांची मुलं कुठेही शिकली असती.

हा आक्षेप मला बिनतोड वाटला होता. शाळा चांगली म्हणून मुलं चांगली, की जागरूक आईबाप असली शाळा निवडतात म्हणून निकाल चांगला? खासगी क्लासच्या जाहिरातीतले फोटो बघताना आपण हा प्रश्न कधी विचारत नाही. अनुजाकडे मात्र उत्तर तयार होतं.

अनुजा: त्यासाठी पोर्टलंडचा अभ्यास बघा. ओरेगनमधलं पोर्टलंड. तिथे डिस्ट्रिक्टमध्ये इमर्शनच्या जागा सोडतीने देतात. म्हणजे अर्ज करणारे सगळे सारखेच हट्टी. काहींची चिठ्ठी निघाली, काहींची नाही. रँड संस्थेच्या संशोधकांनी दोन्ही गटांचे निकाल ताडून पाहिले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. चिठ्ठी निघालेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीला साधारण सात महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे, आठवीला नऊ महिने. इंग्रजीत, ताई! गणित-विज्ञानात फरक नाही, म्हणजे तोटाही नाही.

ताई: हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. त्यात फ्रेंच होती?

अनुजा: नाही. स्पॅनिश, जपानी, चिनी आणि रशियन.

ताई: आणि शाळा डिस्ट्रिक्टच्या.

अनुजा: हो, पण त्याने काय फरक पडतो?

ताई: तू आत्ता काय म्हणालीस? पाचवीला सात महिने, आठवीला नऊ. तिसरीला किती?

अनुजाने ते सांगितलं नाही, आणि इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या गोष्टीवर वाद घालतो आहोत. दोघींचं भाषेबद्दल फारसं दुमत नव्हतं. इमर्शनचं फळ उशिरा मिळतं, हे सेंट लॅम्बर्टपासून बरेच जण सांगतात. पहिली दोन-तीन वर्षं मूल इंग्रजी वाचनात मागे दिसू शकतं, आणि ते ठरल्याप्रमाणेच असतं. तिसरी-चौथीत शाळा सोडली तर मागे पडल्याचा भाग वाट्याला येतो, पुढे जाण्याचा येत नाही. म्हणजे प्रश्न असा: पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, ही शाळा जागेवर असेल का, आणि तिच्यात शिकवणारं कुणी असेल का?

चार्टरचा करार बहुतेक राज्यांत तीन ते पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी करार देणारी संस्था दोन गोष्टी पाहते, पैसा आणि परीक्षेचे निकाल. केंद्राच्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यावीच लागते, आणि आमच्याकडे ती इंग्रजीत असते. नव्या इमर्शन शाळेचं पहिलं नूतनीकरण येतं तेव्हा तिच्याकडे दाखवायला असतात ते तिसरीचे, फार तर चौथीचे निकाल. नेमके ते, ज्यांत मुलं मागे दिसू शकतात हे सेंट लॅम्बर्टपासून लिहून ठेवलं आहे. भाषेचं वेळापत्रक आठ वर्षांचं आणि संस्थेचं पाच वर्षांचं. माहितीपत्रकात दोन्ही एकत्र छापत नाहीत.

मी हे बोलून दाखवल्यावर ताई म्हणाली, "बोललास शेवटी." अनुजा म्हणाली, "तू कुणाच्या बाजूने आहेस?" मी चहा टाकायला उठलो.

गणिताचा मुद्दा चहाबरोबर निघाला. फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. पाच-सहा वर्षांच्या पोराने असं मोजायचं आणि मग तिसरीला इंग्रजीतून परीक्षा द्यायची. मला वाटलं ताई यावर तुटून पडेल. ती हसली. "२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे आपण शिकलोच ना? माझ्या वर्गात सोमाली मुलं आहेत, बोटांवर सोमालीत मोजतात आणि उत्तर इंग्रजीत लिहितात. मोजण्याने काही बिघडत नाही. शाब्दिक उदाहरणांनी बिघडतं, कारण ती वाचावी लागतात." तिने तो विषय एवढ्यातच संपवला.

मग फ्रेंचच का, हा प्रश्न आला. तो अनुजानेच काढला, बहुधा ताई काढत नाही हे पाहून.

अनुजा: तुम्हाला वाटत असेल आम्हाला मिरवायचं आहे. मुंबईत अकरावीला फ्रेंच घ्यायचे, स्कोअरिंग म्हणून. वर्षभर क्रियापदं घोकायची, शंभरात पंच्याण्णव मिळवायचे आणि पुढच्या वर्षी बाँजूरच्या पुढे काही आठवायचं नाही. हे तसं नाही. आणि ही भाषा फक्त पॅरिसची राहिलेली नाही. फ्रेंच बोलणाऱ्यांचं सर्वांत मोठं शहर आता किन्शासा मानतात. त्या शाळेत निम्मे पालक मला सेनेगल, काँगो, हैतीचे दिसले. त्यांच्यासाठी ती घरची भाषा, किंवा निदान शाळेची.

ताई: ते मला आवडलं. लुइझियानात तर तो हिशेब चुकता करण्याचा प्रकार आहे. १९२१ च्या त्यांच्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजीच हवी असं ठरवलं. फ्रेंच बोलली म्हणून पोरांना शिक्षा व्हायच्या. १९६८ मध्ये त्याच राज्याने फ्रेंच टिकवायला सरकारी संस्था काढली, आज तिथे इमर्शन शाळा आहेत, न्यू ऑर्लीन्समध्ये चार्टरही आहेत. आजीची जीभ नातवाला परत मिळते. हे मला समजतं. पण रेवाच्या आजीची जीभ कुठली?

अनुजा: मला ठाऊक होतं तुम्ही तिथे येणार.

ताई: येणारच. तू कऱ्हाडला मराठी शाळेत शिकलीस.

अनुजा: सेमी-इंग्रजीत. आठवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठी. इमर्शन म्हणजे वेगळं काय, ताई? युटा राज्यात अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस दुसरी भाषा अशा शाळा सरकार चालवतं, फ्रेंचच्याही आहेत. सेमी-इंग्रजीचंच सख्खं भावंड. माझं काही बिघडलं?

ताई: तुझं मराठी शाबूत होतं. घरी, बाजारात, एसटीत, शाळेच्या मैदानावर. पुण्यात आमच्या शाळेच्या समोरच इंग्रजी माध्यमाची शाळा होती. वॉचमनची, धुणंभांडी करणाऱ्या बायकांची मुलं पोटाला चिमटा काढून तिथे घातलेली. बाईंना इंग्रजी धड येत नाही, घरी कुणालाच येत नाही, आणि वर्गात मराठी बोललं तर दंड. तीही इमर्शनच म्हणायची का? चौथीत ती मुलं आमच्याकडे यायची तेव्हा कुठल्याच भाषेत सलग पाच वाक्यं बोलत नव्हती. तुझ्या त्या लॅम्बर्टनेच यातला फरक सांगितलाय. काही मुलांच्या बाबतीत दुसरी भाषा पहिलीत मिळवली जाते, काहींच्या बाबतीत पहिली वजा होते. ज्या भाषेला बाहेर मान आहे ती वजा होत नाही. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची इंग्रजी वजा होणार नव्हती, रेवाचीही होणार नाही. तिच्याभोवती टीव्ही इंग्रजी, ग्रंथालय इंग्रजी, घसरगुंडी इंग्रजी. वजा होईल ते मराठी.

अनुजा: ते तर तुमच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेतही होईल! इंग्रजीच करेल ते. तुमचा आदित्य मराठीत उत्तर देतो?

मी कप उचलायला लागलो. ताईने मात्र मुलाबद्दलचा प्रश्न टाळला नाही.

ताई: समजतं सगळं. उत्तर इंग्रजीत. रविवारची मराठी शाळा चार वर्षं केली, मग फुटबॉल आला.

अनुजा: मग ऐका. रेवाला पाचव्या वर्षीच कळलं की गणित, भांडण, विनोद, सगळं इंग्रजीशिवायही होतं, तर आजीशी मराठीत बोलणं तिला विचित्र वाटणार नाही. आज तिच्या पाळणाघरात मराठी म्हणजे आईबाबांची घरातली खोड आहे. त्या शाळेत दोन-तीन भाषा असणं हा नियम आहे. त्या काँगोच्या मुलाच्या घरी लिंगाला बोलतात, शाळेत फ्रेंच, रस्त्यावर इंग्रजी. तिला तिथे आपल्यासारखी माणसं दिसतील.

हे माझ्या मते अनुजाचं सर्वांत भक्कम म्हणणं होतं, आणि ते कुठल्या अभ्यासातून आलेलं नव्हतं. ताईलाही ते पोहोचलं असावं, कारण तिने एकदम विषय बदलला. माणूस वादात विषय बदलतो तेव्हा काहीतरी लागलेलं असतं.

ताई: शिक्षक किती टिकतात?

अनुजा: म्हणजे?

ताई: त्या आयव्हरी कोस्टच्या बाई. ग्रीन कार्ड आहे, की व्हिसावर?

या घरात व्हिसाचं नाव निघालं की मी आपोआप सरळ बसतो. परदेशातून शिक्षक आणायचा रुळलेला मार्ग म्हणजे जे-१ व्हिसा. तो तीन वर्षांचा, वाढवून मिळाला तर आणखी दोन. मग परत. एच-१बी हा दुसरा मार्ग, पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारा आदेश निघाला. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या त्याने हबकल्या; दोनशे मुलांच्या शाळेने तर नावच काढू नये. इथेच वाढलेले, फ्रेंच अस्खलित, प्राथमिकचा परवाना असलेले आणि चार्टरच्या पगारावर येणारे शिक्षक मध्य-पश्चिमेत किती मिळणार? स्थलांतरित आफ्रिकी कुटुंबांतून काही मिळतात, आणि तेच बहुधा अशा शाळांचा खरा कणा असतात. बाकी जागा दर तीन-पाच वर्षांनी नव्याने भरायच्या. एखाद्या वर्षी तिसरीची बाई मिळालीच नाही तर काय होतं? तो वर्ग इंग्रजीत चालतो. माहितीपत्रकावरचा टॉवर तसाच राहतो.

अनुजा: आपल्या मराठी मुलांना कुणी व्हिसावरून नाकारलं की आपण चिडतो, ताई. आणि शिक्षक निवडताना आपणच व्हिसा विचारायचा?

ताई: बाई चांगली की वाईट हे मी व्हिसावरून ठरवत नाही. शाळेने तिच्यानंतरची तजवीज केली आहे का, ते विचारते. मागच्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत, हा प्रश्न मी आमच्या मुख्याध्यापकालाही विचारते. त्याला आवडत नाही.

मग ताई ज्या गोष्टीबद्दल बोलली, त्यात तिचा सूर वेगळा होता. वाचनाची अडचण असलेलं मूल. डिस्लेक्सिया. कायद्याने चार्टर शाळा सरकारीच असल्यामुळे तिला कुणाला नाकारता येत नाही. विशेष शिक्षणाचे सगळे नियम लागू. "पण कायदा कपाटात असतो," ताई म्हणाली. "वर्गात माणूस लागतो." इमर्शन वर्गात सहा वर्षांचं मूल अडखळतं तेव्हा ते फ्रेंचमुळे, की वाचनाच्या मुळातल्या दोषामुळे, हे ओळखायला दोन्ही भाषा जाणणारा तज्ज्ञ हवा. छोट्या शाळेत विशेष शिक्षिका एकच, कधी दोन शाळांत वाटलेली, आणि बहुधा फक्त इंग्रजी जाणणारी. मग कुणीतरी हळूच सुचवतं, तुमच्या मुलीला ही शाळा झेपत नाहीये. गळतीतली काही मुलं अशी गेलेली असतात.

अनुजाने फ्रेड जेनेसी यांचं नाव घेतलं. कॅनडात त्यांनी अभ्यासात कमी पडणाऱ्या मुलांकडेही पाहिलं. इमर्शनमध्ये ती तशाच इंग्रजी वर्गातल्या मुलांपेक्षा वाईट ठरली नाहीत, वर फ्रेंच मिळवलं. ताईने ते मान्य केलं. "मूल तग धरतं असं तो म्हणतो. शाळेकडे माणूस आहे असं तो म्हणत नाही."

मी एव्हाना लॅपटॉप उघडला होता. चार्टर शाळांच्या संचालक मंडळाच्या बैठका बहुतेक राज्यांत खुल्या असतात. इतिवृत्तं आणि लेखापरीक्षण सार्वजनिक असतं. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचे जमाखर्च बघायला मिळाले तर किती जणांचे प्रवेश बदलतील, हा वेगळा विषय. या शाळेच्या कागदांत भाडं सापडलं: उत्पन्नाच्या सहाव्या भागाहून जास्त. हातातली शिल्लक दोन महिन्यांच्या पगारालाही पुरणार नाही. दुसरीकडे, पाच वर्षांत मुख्याध्यापिका तीच, आणि मागच्या नूतनीकरणात करार पूर्ण मुदतीचा मिळालेला. ताईने चष्मा लावून निकालाचे आकडे पाहिले. तिसरीचे पडलेले, पाचवीचे डिस्ट्रिक्टच्या वर. अनुजा उसळली, "बघा!" ताई म्हणाली, "पाचवीत बारा मुलं. एकाला त्या दिवशी ताप असला की आठ टक्के इकडचे तिकडे. आणि मागे पडलेली आधीच शाळा सोडून गेलेली. तरी पण..." ते 'तरी पण' मी नोंदवून ठेवलं.

माझं मत विचाराल तर, आणि कुणी विचारलं नव्हतं, फ्रेंचच्या बाजूने किंवा विरुद्ध जे काही बोललं गेलं त्यातलं निर्णायक काहीच नाही. भाषा मुलांना येतात. हवं असेल तर इमर्शन डिस्ट्रिक्टमध्येही मिळतं. मिलवॉकीत ते १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी शाळांतून चालू आहे. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ते नाही, म्हणून ही शाळा निघाली. ती शाळा म्हणजे मूठभर पालकांनी आणि एका हट्टी मुख्याध्यापिकेने तोलून धरलेली गोष्ट आहे. तिथे मूल घालायचं म्हणजे आपणही खांदा द्यायचा: बैठकांना जायचं, निधी जमवायचा, तिसरीचा निकाल बघून घाबरायचं नाही. नुसती जागा मिळवून गाडी लावून निघून जाणाऱ्यांनी डिस्ट्रिक्टची शाळा घ्यावी, ती त्यांच्यावाचून चालेल. अनुजा खांदा देईल. मी देईन का, हे तिने विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, जरा उशिरा.

सोडतीचा अर्ज भरायचं ठरलं. नंबर लागला तरी जागा नाकारता येते, डिस्ट्रिक्टचा प्रवेश कुठे जात नाही. ताईची अट एकच होती, हो म्हणण्याआधी चौथीचा वर्ग बघायचा, आणि तीही येणार. अनुजाने तिथल्या तिथे शाळेला लिहिलं: चौथीच्या वर्गात तासभर बसू द्याल का, मागच्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत, विशेष शिक्षिका आठवड्यातून किती दिवस असते, पाचवीची मुलं डेल्फ ही फ्रेंचच्या प्रावीण्याची परीक्षा देतात का.

अनुजा: पण ताई, तुम्हाला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही. तासभर बसून बघणार काय?

ताई: तू वाचलं नाहीस, इमर्शनच्या मुलांना ऐकून सगळं कळतं पण बोलायला अडतं म्हणून?

अनुजा: वाचलंय. मेरिल स्वेन. १९८५. मुलांना वर्गात लांबलचक बोलायची वेळच येत नाही, म्हणून बोली कच्ची राहते.

ताई: मग झालं तर. मी मागच्या बाकावर बसणार. बाईंची पाठ वळली की चौथीची पोरं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात ते ऐकणार.

अनुजा: इंग्रजीतच बोलत असतील तर?

ताई: असणारच, चौथीतली आहेत. बाई मागे वळल्यावर काय करतात, ते बघायला येतेय मी.